प्रसूतिगृहाच्या दाराशी एकटी आलेली बाई

कोकणात बाळंतपण हे माहेरचे काम, असे आजही धरून चालण्याची रीत आहे. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी येते, आई किंवा वहिनी तिच्याबरोबर तालुक्याच्या दवाखान्यात तपासणीला जाते, अळीव आणि डिंक आधीच आणून ठेवलेला असतो, आणि कळा सुरू झाल्या की घरातल्या दोन बायका तिच्यासोबत रिक्षात बसतात. आपली सरकारी आरोग्यव्यवस्थाही याच गृहीतकावर चालते. औषध आणायला, भिजलेले कपडे बदलायला, घरून पेज आणायला, रक्ताची सोय करायला आणि सहीसाठी हाक मारली की पुढे यायला कोणीतरी नातेवाईक बाहेरच्या बाकावर बसलेले असणारच, असे डॉक्टरांपासून शिपायापर्यंत सर्वांनी मनाशी धरलेले असते. ज्या बाईला असे कोणीच नाही, तिच्या बाबतीत काय करायचे याचे उत्तर या व्यवस्थेकडे नाही आणि आपल्या समाजाकडेही नाही. प्रसूतीच्या वेळी अशा बाईजवळ थांबणाऱ्या प्रशिक्षित स्वयंसेविका, ज्यांना जगभर डूला म्हणून ओळखतात, आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्यात असाव्यात, असे माझे आग्रहाचे मत आहे. त्यासाठी सरकारने एका नियमात दुरुस्ती केली पाहिजे, आणि हे काम करू पाहणाऱ्या आपण बायकांनी आपल्या काही सवयी प्रसूतिगृहाच्या उंबऱ्याबाहेर ठेवल्या पाहिजेत.

नियमाचे आधी सांगते, कारण अडचणीचे मूळ तिथे आहे. सरकारी रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी बाईजवळ तिची एक सोबतीण असू द्यावी, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2016 साली मान्य केले. पुढे 2017 च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' या कार्यक्रमाने प्रसूतिगृहांचा दर्जा आणि बाळंतिणीला मिळणारी सन्मानाची वागणूक या दोन्ही गोष्टींच्या मोजमापात या सोबतीला जागा दिली. निर्णय चांगला होता, आणि तो घेणाऱ्यांचे आभारच मानले पाहिजेत. मात्र सोबतीण ही नात्यातली स्त्री असावी, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी, असे त्या सूचनांत म्हटले आहे, आणि जिथे आडोशाची नीट सोय आहे तिथे नवऱ्यालाही थांबता येते. जिला आई आहे, सासू आहे, नवरा आहे, तिच्यासाठी दार उघडले. जिला यातले कोणीच नाही, म्हणजे जिला सोबतीची गरज सर्वांत जास्त आहे, नेमकी तीच नियमाबाहेर राहिली. हे कोणी मुद्दाम केले असे मी मानत नाही. घर नसलेली बाळंतीण नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आली नसावी, इतकेच.

अशा बायका आहेतच किती, असे विचारले जाते. एकटी बाळंतीण म्हणजे फसलेली अविवाहित मुलगी, असे चित्र मनात असल्यामुळे हा प्रश्न येतो. किनाऱ्यावर डोळे उघडे ठेवून फिरले तर चित्र फार वेगळे दिसते. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1100 हून अधिक स्त्रिया होत्या. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जाणाऱ्या चाकरमान्यांचा तो हिशेब आहे. त्यांतले बहुतेक पैसे पाठवतात आणि गणपतीला, शिमग्याला येतात, पण काहींचा तिकडे दुसरा संसार सुरू होतो आणि गावातल्या बाईला ते पोटात मूल असताना कळते. मासळी निवडणाऱ्या आणि गोठवणाऱ्या कारखान्यांत, वेंगुर्ले-कुडाळकडच्या काजू कारखान्यांत परगावच्या, परप्रांतातल्या मुली काम करतात आणि भाड्याच्या खोल्यांत राहतात. हापूसच्या बागांच्या राखणीला नेपाळहून आलेली कुटुंबे हंगामभर बागेतल्या खोपीत असतात. त्यांतल्या एखाद्या बाईचा नवरा दारूत बुडाला किंवा निघून गेला, तर तिचे सर्वांत जवळचे माणूस हजार मैलांवर असते. मंडणगड, दापोली, खेडकडच्या कातकरी वाड्यांतल्या बायका कोळशाच्या आणि वीटभट्टीच्या कामावर भटकत असताना बाळंत होतात. नवरा गेल्यावर दिवस राहिल्याचे कळलेली विधवा असते, मारहाणीला कंटाळून निघालेली असते, आणि आंतरजातीय लग्न केल्यामुळे दोन्ही घरांना पारखी झालेली, पण नवरा खलाशी म्हणून समुद्रावर असल्याने नेमक्या त्या रात्री एकटी पडलेलीही असते. अविवाहित मुलगी या रांगेत आहेच. या सगळ्या बायकांची एकत्रित नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये होत नाही, कारण त्यांचे एकटेपण हा आजार नाही.

सोबतीने नेमके काय साधते, याविषयी आता अंदाजाने बोलण्याची गरज उरलेली नाही. 1980 साली ग्वाटेमालातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथल्या काही बाळंतिणींजवळ एक बाई थांबवण्यात आली होती. ती परिचारिका नव्हती आणि बाळंतिणीच्या ओळखीचीही नव्हती. ती पाठ चोळत होती, हात धरत होती, बोलत होती. सोबत मिळालेल्या बायकांचा प्रसूतीचा काळ सोबत नसलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी भरला. अभ्यास लहान होता आणि त्यानंतरच्या मोठ्या अभ्यासांत फरक इतका नाट्यमय निघाला नाही, हेही सांगितले पाहिजे. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2017 च्या आढाव्यात 17 देशांतल्या 26 चाचण्यांचा आणि 15,000 हून अधिक स्त्रियांचा एकत्र विचार केला गेला. अखंड सोबत मिळालेल्या बायकांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक आढळले, सिझरचे कमी आढळले, प्रसूती सरासरी 40 मिनिटांनी लवकर झाली आणि त्या अनुभवाविषयी मनात कडवटपणा राहण्याचे प्रमाण घटले. अपाय झाल्याचा पुरावा मिळाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये प्रत्येक बाळंतिणीला तिच्या पसंतीची सोबत मिळावी अशी शिफारस केली. यातला 'पसंतीची' हा शब्द आपल्या प्रश्नात कळीचा आहे, कारण एकट्या बाईची पसंती अनेकदा अनोळखी सोबतिणीलाच असते.

हे मला कामात उतरल्यावर समजले. मी या कामात नवीन आहे, आणि तज्ज्ञ म्हणून बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण जे जवळून पाहिले ते सांगता येईल. ओळख पटू नये म्हणून गाव, वय, काम यांतले काहीच देत नाही. पावसाळ्यातली रात्र होती, कर्तव्यावर एकच सिस्टर होती आणि तिच्यापुढे अडलेल्या अवस्थेतल्या दोन बायका होत्या. केसपेपर लिहिताना सिस्टरने सवयीने नवऱ्याचे नाव विचारले आणि बाई गप्प राहिली. दुसऱ्यांदा विचारल्यावर तिने मान भिंतीकडे वळवली. मी सांगितले की तिचे स्वतःचे नाव आणि आईचे नाव लिहा, तेवढे चालते. सोबत आलेल्या व्यक्तीचे नाते लिहायच्या रकान्याशी सिस्टरचे पेन थोडे थांबले आणि मग तिने 'ओळखीची' असे लिहिले. तिने ते रागाने केले नाही, तिला वेळ नव्हता. त्यापुढचे काही तास मी केले ते इतकेच होते: कळ आली की माकडहाडाच्या जरा वर तळहात दाबून धरायचा, कळ ओसरली की दोन घोट पाणी द्यायचे, चादर ओली झाली की ओढून घ्यायची. सुरुवातीला मी हात चुकीच्या जागी ठेवत होते, तेव्हा ती "जरा खाली" म्हणाली. नंतर प्रत्येक कळेला तिनेच माझे मनगट पकडून हात तिथे नेला. बाळाचे ठोके मोजायला सिस्टर आली की मी बाजूला होत असे. मूल झाल्यावर सिस्टर सवयीने दारापर्यंत गेली, बाहेरच्या रिकाम्या बाकाकडे पाहून परत फिरली आणि मग तिने बाळंतिणीलाच मोठ्याने सांगितले, की मुलगी झाली आहे, वजन छान आहे.

पहाटे त्या बाईने मला विचारले, की तुमचे गाव कोणते. मी सांगितले. ते तिच्या गावापासून लांब आहे हे कळल्यावर तिचा चेहरा सैल झाला. आशाताई आहेत की, मग ही नवी मंडळी कशाला, या आक्षेपाचे उत्तर तिथे आहे. आशाताईंविषयी मला अतिशय आदर आहे. सरकारी योजना वाडीवस्तीवर पोचतात त्या त्यांच्याच पायांनी, आणि त्यांना मिळणारा मोबदला त्यांच्या श्रमांच्या मानाने तुटपुंजा आहे. पण आशाताई त्याच गावची असते. तिची भावकी, तिच्या जावा, तिच्या नवऱ्याची पानपट्टीवरची बैठक, हे सारे त्याच वाडीत असते. ती स्वतः तोंड बंद ठेवणारी असली तरी तिच्यासोबत रिक्षात बसलेली बाई कोण होती, हे दुसऱ्या दिवशी विहिरीवर सर्वांना माहीत असते. ज्या बाईला आपले बाळंतपण गावापासून लपवायचे आहे, ती म्हणूनच आशाताईला टाळते, नोंदणी करत नाही, माता-बाल संरक्षण कार्ड काढत नाही, तपासण्या चुकवते आणि अखेर कळा असह्य झाल्यावर एकटी दवाखान्यात पोचते. तिला दुसऱ्या तालुक्यातली, तिच्या भावकीत कोणालाच न ओळखणारी बाई चालते. शिवाय आशाताईने बाळंतिणीला पोचवल्यावर परत फिरायचे असते, कारण दुसऱ्या दिवशी तिला लसीकरणाचे सत्र असते; सोबतिणीला मात्र शेवटपर्यंत थांबायचे असते.

राज्यात सुमारे 95 टक्के प्रसूती दवाखान्यात होतात, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने सांगितले आहे, आणि मातामृत्यूचे प्रमाण 2018-20 या काळात लाख जिवंत जन्मांमागे 33 पर्यंत खाली आले. हे यश मोठे आहे. त्यामागे 2005 ची जननी सुरक्षा योजना आहे, 2011 चा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे, आणि रात्री-अपरात्री धावणारी 108 ची गाडी आहे. बाई जिवंत घरी जाते इतके साध्य झाले, म्हणून तिला कशी वागणूक मिळाली हे विचारण्याची वेळ आता आली आहे. नवरा नसलेल्या बाईला कळांच्या वेळी काय काय ऐकावे लागते, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना ते येथे लिहून दाखवण्याची गरज नाही. माझा अनुभव असा आहे की, खोलीत एक तिसरी बाई नुसती उभी असली तरी असे बोलणे निम्म्याने कमी होते. धाक म्हणून नाही. शेजारी कोणीतरी त्या बाईला माणूस म्हणून वागवते आहे, हे दिसले की थकलेल्या कर्मचाऱ्यालाही तसे वागणे सोपे जाते.

आता सर्वांत जुना आक्षेप. अशी मदत केल्याने वाईट चालीला उत्तेजन मिळते, असे आजही सुशिक्षित घरांतून ऐकू येते. महाराष्ट्राने या आक्षेपाला दीडशे वर्षांपूर्वी उत्तर दिले आहे. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि विधवांनी तिथे येऊन गुप्तपणे व सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे त्यांच्या खुशीवर राहील, अशा आशयाची जाहिरात लावली. मला त्या जाहिरातीतली दुसरी गोष्ट पहिलीइतकीच थोर वाटते. त्या काळात, त्या बाईला, निर्णय तुझा आहे असे सांगणे याला फार मोठे धैर्य लागते, आणि आज स्वयंसेवी काम करणाऱ्या आपल्यातल्या कितीजणींना ते जमते हे प्रत्येकीने मनाशी तपासावे. कोकणालाही ही परंपरा परकी नाही. दापोलीजवळच्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली विधवेशी लग्न केले म्हणून त्यांच्याच गावाने त्यांना वाळीत टाकले होते. आज ते गाव त्यांचे नाव अभिमानाने सांगते. देवरुखात इंदिराबाई हळबे या स्वतः विधवा असलेल्या परिचारिकेने 1954 साली दोन खाटांचे प्रसूतिगृह मांडले आणि त्यातून मातृमंदिर ही संस्था उभी राहिली. ज्यांना मावशी म्हणून अख्खा तालुका ओळखत होता त्या बाईंना येणाऱ्या बाळंतिणीचे नाते विचारावेसे वाटले नाही, आणि कोणी टाकून दिलेली मुले त्यांनी आपल्या छपराखाली वाढवली.

तरीही चांगुलपणा पुरेसा नाही, हे मला या कामात शिरू पाहणाऱ्या बहिणींना कळकळीने सांगायचे आहे. सोबतिणीने वैद्यकीय निर्णयात पडायचे नसते. कळा वाढवण्याचे सलाइन लावावे की नाही, सिझर करावे की थांबावे, यावर तिचे मत असू शकते, पण ते तिने बोलायचे नसते. बाईला डॉक्टरांनी काय सांगितले हे समजले नसेल तर तिच्या भाषेत पुन्हा समजावून सांगण्याची विनंती डॉक्टरांना करणे, इथवर तिची मर्यादा आहे. मात्र सज्ञान स्त्रीच्या शस्त्रक्रियेसाठी तिची स्वतःची संमती कायद्याने पुरेशी असते, हे तिला माहीत असलेच पाहिजे, कारण सहीला नातेवाईक नाही म्हणून सिझर खोळंबण्याची वेळ अशाच बाईवर येते. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि ती गोष्ट मुलीपासून लपवून करायची नाही. काय होणार आहे, कोण प्रश्न विचारणार आहे आणि आपण तिच्यासोबत किती थांबू शकतो, हे आधी तिला शांतपणे सांगायचे.

सर्वांत मोठा मोह बाळाच्या बाबतीत होतो. मूल होत नसलेले एखादे जोडपे आपल्या ओळखीत असतेच, आणि समोर मूल वाढवण्याची ऐपत नसलेली बाई असते; दोघांचेही भले होईल असे वाटून शब्द टाकला जातो. हा शब्द टाकणारीने या कामात राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मूल सोपवायचे तर ते बाल कल्याण समितीपुढेच सोपवावे लागते, आणि त्यानंतरही आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. कायद्याने हे दोन महिने उगीच ठेवलेले नाहीत. नुकत्याच बाळंत झालेल्या, झोप न मिळालेल्या, उद्या कुठे जायचे हे माहीत नसलेल्या बाईने कळांच्या दुसऱ्या दिवशी दिलेला होकार हा होकार नव्हे. ठेवायचे म्हणणाऱ्या आईलाही लोक तितकेच घाबरवतात: दाखला कसा मिळणार, शाळेत बापाचे नाव काय लावणार. याची उत्तरे आज कायद्यात आहेत. एकट्या आईने प्रतिज्ञापत्र दिले की मुलाचा जन्मदाखला मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली एका अविवाहित मातेच्या प्रकरणात सांगितले. महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव लावणे सक्तीचे केले आहे. पहिल्या बाळंतपणासाठी 5,000 रुपये देणाऱ्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेला नवऱ्याच्या आधार कार्डाची अट पूर्वी होती. एकट्या आणि टाकलेल्या बायकांसाठी 2022 नंतर ती काढली गेली. एक पालक असलेल्या मुलासाठी बालसंगोपन योजनेतून महिना 2,250 रुपये मिळू शकतात. तहसील कचेरीतल्या किंवा अंगणवाडीतल्या माणसालाही यातले सारे ठाऊक असतेच असे नाही, म्हणून सोबतिणीच्या पिशवीत पाण्याच्या बाटलीइतकेच या शासन निर्णयांच्या झेरॉक्सना स्थान असले पाहिजे.

बाळंतपणाची रात्र संपली की सोबत संपली, असे समजणे ही मला या कल्पनेतली सर्वांत मोठी उणीव वाटते, आणि परदेशातल्या पद्धतींकडे पाहून आखलेल्या प्रशिक्षणांत ती राहून जाण्याची शक्यता आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझरनंतर सात दिवस रुग्णालयात मोफत जेवण मिळते आणि घरी सोडायला गाडी मिळते. ज्या घरी सोडायचे ते घर म्हणजे कारखान्याजवळची दहा बाय दहाची खोली असेल, तर चौथ्या दिवसापासून तिला कोण विचारणार? आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना कामाला हात लावू द्यायचा नाही, तिला शेक द्यायचा, गरम गरम भात-तूप वाढायचे, बाळाला न्हाऊ घालायला जाणती बाई यायची, पाचवी पुजायची. यातल्या काही गोष्टींना आज वैद्यक हरकत घेते, आणि ती हरकत रास्त आहे, विशेषतः धुरी आणि शेगडीच्या बाबतीत. पण या सगळ्याच्या मुळाशी असलेली समजूत पक्की होती, की बाळंतपणाने थकलेल्या बाईला चाळीस दिवस दुसऱ्या माणसांची गरज असते. दूध उतरत नाही म्हणून रडणारी, बाळाला पाजताना स्तनाग्राला चिरा पडल्यामुळे कण्हणारी, पाचव्या-सहाव्या दिवशी कारण नसताना उदास होणारी बाई घरच्यांच्या नजरेला तरी पडते. खोलीत एकटी असलेली बाई कोणाच्याच नजरेला पडत नाही. तिला दुसऱ्या आठवड्यात ताप आला, अंगावरून दुर्गंधीचे जाऊ लागले किंवा बाळाकडे पाहावेसे वाटेनासे झाले, तर ते ओळखून तिला दवाखान्यात नेणारे कोणी नसते. म्हणून माझ्या मते एका सोबतिणीने वर्षभरात मोजक्याच बायका घ्याव्यात, पण प्रत्येकीकडे आधी दोन-तीन वेळा आणि नंतर सव्वा महिना नेमाने जावे. डब्यात मऊ भात आणि मुगाचे कढण घेऊन गेलेली बाई सहज विचारता विचारता जे जाणून घेते, ते फॉर्म घेऊन गेलेल्या बाईला कळत नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे, या कामाला पैसे लागतात. बायकांचे श्रम फुकट समजण्याची खोड समाजाला जुनी आहे आणि स्वयंसेवेच्या नावाखाली ती पुन्हा रुजू नये. रात्री दोन वाजता वाडीतून तालुक्याला जायला रिक्षावाला दिवसाच्या दुप्पट पैसे मागतो, खाडीवरची फेरीबोट रात्री बंद असते म्हणून समोर दिसणाऱ्या गावाला वळसा घालून जावे लागते, आणि दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडते. हा खर्च सोबतिणीने खिशातून करायचा ठरवले, तर हे काम निवृत्त शिक्षिका आणि सुखवस्तू गृहिणी यांच्यापुरतेच उरेल. तसे होऊ देऊ नये. स्वतः एकटीने बाळंतपण काढलेली मासळी विकणारी बाई या कामाला माझ्यासारखीपेक्षा कितीतरी अधिक योग्य आहे. सेवेचा मोबदला नको असेल तर ती तिची मर्जी. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मात्र तिला मिळालीच पाहिजे. त्याचबरोबर सोबतिणी आल्या म्हणून परिचारिकांची रिकामी पदे रिकामीच ठेवली गेली तर या चळवळीने त्या बाळंतिणीचेच नुकसान केले असे होईल. रक्तस्राव सुरू झाला की तिला हात धरणारी बाई वाचवू शकत नाही, तिथे हाताशी इंजेक्शन असलेली सिस्टरच लागते. सोबतिणींच्या संघटनेने प्रत्येक बैठकीत रिक्त पदांचा प्रश्न मांडला, तर रुग्णालयातल्या सिस्टरही त्यांना आपल्या समजतील.

सिस्टर आणि डॉक्टरांची भीती मी समजू शकते. बाहेरचे माणूस आत आले की मोबाइलवर चित्रण होईल, अर्धवट माहिती समाजमाध्यमांवर जाईल, जंतुसंसर्ग वाढेल, जागा अडेल. ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतिगृहात दोन टेबले आणि मध्ये एक पडदा असतो, त्यामुळे दुसऱ्या बाईच्या आडोशाचा प्रश्न खरा आहे. यावर उपाय अवघड नाही: फोन बाहेर, स्वच्छ कपडे, एका बाईजवळ एकच सोबतीण, दुसऱ्या टेबलाकडे नजरसुद्धा वळवायची नाही, आणि सिस्टरने बाहेर जायला सांगितले तर वाद न घालता बाहेर जायचे. पडदे बसवायला फार खर्च येत नाही. हे नियम मोडणाऱ्या सोबतिणीचे ओळखपत्र त्याच दिवशी परत घ्यावे, यालाही माझी पूर्ण संमती आहे.

एक जागा मात्र अशी आहे जिथे सोबतिणीला बाहेर ठेवणे चालणार नाही, आणि ती म्हणजे रुग्णवाहिका. रक्तदाब चढला किंवा मूल आडवे असले की रत्नागिरी-संगमेश्वरकडची बाई आंबा घाटातून कोल्हापूरला जाते, वैभववाडीकडची गगनबावड्यावरून, आणि सावंतवाडी-दोडामार्गकडची राज्याची हद्द ओलांडून गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. अलीकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत, पण पुढे पाठवण्याची वेळ अजून येतेच. घाटातल्या वळणांवर, कळा चालू असताना, अनोळखी शहराच्या दिशेने निघालेल्या बाईजवळ बसायला कोणी नसेल, तर तिथे पोचल्यावर तिचे कागद कोण पुढे करणार आणि शुद्धीत नसेल तर तिचे नाव तरी कोण सांगणार? पुढे पाठवताना सोबतिणीला गाडीत जागा द्यावी आणि दुसऱ्या रुग्णालयाने तिचे ओळखपत्र मान्य करावे, याचे लेखी पत्र जिल्हा शल्य चिकित्सकांच्या सहीने आधीच तयार असले पाहिजे. गोव्याच्या बाबतीत दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांना एकदा बसून हे ठरवावे लागेल.

यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी मंत्रालयातून आदेश येण्याची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या हाती थोडा निधी असतो आणि स्थानिक ठराव करण्याचा अधिकार असतो. बाळंतिणीला नातेवाईक नसल्यास तिने निवडलेली, समितीकडे नोंदवलेली आणि पोलीस पडताळणी झालेली स्त्री ही सोबतीण म्हणून मान्य असेल, असा ठराव एका रुग्णालयाने केला तरी काम सुरू होते. पुढे केंद्राच्या सूचनांतल्या 'नात्यातली' या अटीला 'किंवा बाळंतिणीने निवडलेली' एवढी जोड मागायला त्या रुग्णालयाचा अनुभव हाताशी राहील. प्रशिक्षण तिथल्याच परिचारिकांनी द्यावे, म्हणजे ओळखही होईल आणि मर्यादाही त्यांच्याच तोंडून कळतील. प्रत्येक सोबतिणीला एक जोडीदारीण असावी, कारण लांबलेल्या प्रसूतीत एकटीने रात्रभर जागणे होत नाही आणि दुसरीच्या बाळंतपणात सोबत केल्यानंतर मनावर येणारा ताण बोलायलाही कोणी लागते. पहिली तुकडी तयार करायची तर आपल्याकडे त्याला लावणी आटोपल्यानंतरचे आणि गणपतीच्या आधीचे दिवस बरे, कारण गणपतीत रुग्णालयातला निम्मा कर्मचारीवर्ग रजेवर असतो, महामार्ग गाड्यांनी भरलेला असतो आणि एकट्या बाईला रिक्षासुद्धा मिळत नाही. त्या आठवड्यात निदान दोघीजणी प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी रात्रपाळीला हजर असल्या पाहिजेत.